बडोद्याच्या उन्हात पांढरा हायड्रेंजिया

बडोद्यात पांढऱ्या फुलांची कमी नाही. खंडेराव मार्केटच्या बाजूच्या फुलवाल्यांकडे सकाळी गेलात, तर मोगरा, जुई आणि निशिगंधाचे ढीग दिसतात. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतल्या जुन्या मराठी घरांच्या मागच्या दारी अजूनही कुठे कुठे तगर असते, आणि पारिजातक असला तर त्याचा सडा शेजाऱ्याच्या ओट्यावरही पडतो. आमच्या मांजलपूरच्या टेनामेंटमध्ये आजीने लावलेला अनंत आहे, कुंद आहे. मग इतकी पांढरी फुलं दारात असताना हायड्रेंजिया कशाला, असं गेल्या तीन-चार वर्षांत मला बऱ्याच जणांनी विचारलं. वास नाही, देवाला कोणी वाहत नाही, आणि पाणी मात्र सतत हवं. प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर अर्धं घरातलं आहे आणि अर्धं बागेतलं.

घरातलं उत्तर

माझी ताई न्यू जर्सीत असते. तिच्या घरामागच्या कुंपणाला लागून पांढऱ्या हायड्रेंजियाची ओळ आहे. जुलैमध्ये एकेक गुच्छ फ्लॉवरच्या गड्ड्याएवढा होतो. आई २०१८ च्या उन्हाळ्यात तिच्याकडे तीन महिने राहिली होती. रोज संध्याकाळी त्या ओळीला पाणी घालणं हे काम तिने स्वतःकडे घेतलं होतं. परत आल्यावर आई नायगाऱ्यापेक्षा त्या झाडांबद्दल जास्त बोलायची.

पुढे आईचं हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास नको म्हणून सांगितलं. ताईच्या घरी आता पुन्हा जाणं होणार नाही, हे घरात सगळ्यांना कळलं, पण कोणी बोलून दाखवलं नाही. आई तक्रार करणाऱ्यातली नाही. एक दिवस व्हिडिओ कॉलवर ताईने कुंपण दाखवलं, तेव्हा फोन ठेवल्यावर ती एवढंच म्हणाली, "ते पांढरं झाड आपल्याकडे येत नाही का रे?"

मी कलाभवनातून बी.ई. केलेला माणूस. सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला 'येतं की नाही' याचं उत्तर शोधायची सवय असते, म्हणून मी शोधायला लागलो.

हे फूल नेमकं काय आहे

हायड्रेंजिया मूळचा पूर्व आशियातला आणि अमेरिकेतला. आपल्या नर्सऱ्यांत जो दिसतो, मोठ्या पानांचा आणि गोल गुच्छांचा, तो जपानचा. तिथे त्याला 'अजिसाई' म्हणतात. जूनच्या पावसात तो फुलतो, म्हणून ते त्यांच्याकडे पावसाचं फूल. कामाकुरा शहरात मेइगेत्सु-इन नावाचं एक बौद्ध मंदिर आहे. तिथले लोक त्याला अजिसाईचं मंदिरच म्हणतात, कारण पावसाळ्यात त्याच्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजू या फुलांनी भरून जातात.

गुच्छात आपल्याला ज्या पाकळ्या वाटतात त्या खऱ्या पाकळ्या नसतात. कळीला बाहेरून झाकणारी जी निदलं असतात, तीच इथे मोठी आणि रंगीत झालेली असतात. खरं फूल त्यांच्या मध्यभागी मोहरीएवढं. म्हणूनच गुच्छ तीन-चार आठवडे टिकतो. वास मात्र नसतो. नाव ग्रीक आहे. 'पाण्याचं भांडं' असा त्याचा अर्थ. बीजकोशाच्या आकारावरून ते पडलं असलं, तरी हे झाड पाळणाऱ्याला ते पाण्याच्या हिशोबावरूनच आठवतं.

पांढराच का

आईला पांढरा हवा होता, म्हणून पांढरा, एवढं कारण मला पुरेसं होतं. पण वाचत गेलो तसं लक्षात आलं, की बडोद्यापुरतं बोलायचं तर पांढरा हीच शहाणपणाची निवड आहे.

निळा आणि गुलाबी हायड्रेंजिया ही पुष्कळदा एकाच झाडाची दोन रूपं असतात. माती आंबट असली की तिच्यातलं ॲल्युमिनियम मुळांना मिळतं, ते फुलातल्या रंगद्रव्याला जाऊन चिकटतं आणि फूल निळं होतं. माती अल्कधर्मी असली की ॲल्युमिनियम मातीतच अडकून राहतं आणि तेच फूल गुलाबी येतं. आता आमच्या सोसायटीचं बोअरचं पाणी बघा. बादलीत दोन दिवस राहिलं की कडेला पांढरा थर धरतो. पीएचची पट्टी बुडवली तर आकडा आठच्या आसपास येतो. नर्सरीतून हौसेने निळं झाड आणलं आणि हे पाणी घातलं, की पुढचा बहर मळकट जांभळा किंवा गुलाबी येणार. मग यूट्यूब बघून तुरटीचे प्रयोग सुरू.

पांढऱ्याला ही भानगड नाही. त्यात ते रंगद्रव्यच नसतं, त्यामुळे माती कशीही असो, फूल पांढरंच येतं. जुनं होताना हिरवट झाक येते, कधी ऊन लागलं तर गुलाबी ठिपके पडतात, तेवढंच. अर्थात रंग बदलत नाही म्हणजे झाडाला खारं पाणी आवडतं असं नाही. पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसायला लागल्या, तर समजायचं की मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. आजीच्या अनंताला हेच होतं. अनंत हाही चीन-जपानकडून आलेला, हाही आंबट मातीचा. एकाच्या दुखण्यावरून दुसऱ्याचं कळतं, हा जुनी झाडं दारात असण्याचा फायदा.

पांढऱ्यातही प्रकार आहेत. ताईकडचा आहे तो 'ॲनाबेल', अमेरिकन जातीचा. इलिनॉय राज्यातल्या ॲना गावाजवळ रानात तो सापडला आणि १९६२ पासून नर्सऱ्यांतून विकला जाऊ लागला. तो नव्या फुटीवर फुलतो. ताई थंडी संपताना तो जमिनीपासून वीतभर ठेवून कापून टाकते आणि जूनमध्ये तो पुन्हा कमरेएवढा होतो. त्याला बर्फाची झोप हवी. ती बडोद्यात कुठून आणायची? लांबट, शंकूसारखे गुच्छ येणारा 'पॅनिक्युलाटा' ऊन त्यातल्या त्यात सोसतो, पण त्यालाही थंडीची विश्रांती लागते, आणि आपल्याकडच्या साध्या नर्सरीत तो मला कुठे दिसला नाही. उरतो तो जपानी, मोठ्या पानांचा, गोल गुच्छांचा. तो मिळतो, आणि कुंडीत राहतो.

घेताना दोन गोष्टी बघा. एक, रोप फुलावर असतानाच घ्या. फांदीला अडकवलेल्या चिठ्ठीवरच्या फोटोवर विसंबू नका, कारण पानांवरून निळा-पांढरा ओळखता येत नाही. दुसरी, ऑनलाइन मिळणाऱ्या 'हायड्रेंजियाच्या बियां'च्या नादी लागू नका. नर्सरीवाले हे झाड फांदीपासून वाढवतात. बी अगदी बारीक असतं, आणि बियांतून मूळ झाडासारखंच फूल येईल याची खात्री नसते.

जानेवारी २०२२ मध्ये वाघोडिया रोडच्या बाजूच्या एका नर्सरीत मला दोन पांढरी रोपं मिळाली. पैसे देताना नर्सरीवाले काका म्हणाले, "भाई, आ तो शियाळानो महेमान छे." हिवाळ्यातला पाहुणा. होळीपर्यंत बघा, मग विसरा, असा त्यांचा सल्ला होता.

सावलीचं शहर

पाहुण्याला उन्हाळ्यातही ठेवून घ्यायचं, तर त्याला कुठे बसवायचं हा मुख्य प्रश्न. बडोद्याचा मे म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस अंश. हायड्रेंजियाची पानं तळहाताएवढी आणि पातळ, त्यातून पाणी भराभर उडून जातं. सकाळी टवटवीत असलेलं झाड अकरा वाजता असं मान टाकतं, की बघणाऱ्याला वाटावं संपलं.

या शहराचं नावच वडावरून पडलं आहे. वडोदरा म्हणजे वडांचं गाव. मला वाटायचं, हा नुसता शाळेच्या पुस्तकातला तपशील. पण बाग करायला लागल्यावर कळलं, की इथे बाग म्हणजे आधी सावली, मग फुलं. कमाटीबागेत दुपारी जाऊन बघा. विश्वामित्रीच्या काठी १८७९ साली ही बाग झाली, तेव्हा सयाजीराव महाराज सोळा वर्षांचे होते. आपण मुलांना तिथे फुलांचं घड्याळ आणि म्युझियम दाखवतो. एकदा झाडं दाखवा. वड, कडुनिंब, आसोपालव. बाहेरच्या रस्त्यावरून आत शिरलं की पाच पावलांत हवा बदलते.

लक्ष्मी विलास पॅलेस १८९० मध्ये पुरा झाला. त्याच्या बागेची आखणी विल्यम गोल्डरिंग यांनी केली. ते लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेले. १८९३ मध्ये गुस्ताव क्रुम्बिगेल नावाचे जर्मन उद्यानतज्ज्ञ बडोद्याच्या नोकरीत आले, तेही क्यूमध्ये तयार झालेले. पुढे १९०८ मध्ये ते बंगळूरला गेले. लालबागेचं काम त्यांनी पाहिलं आणि बंगळूरच्या रस्त्यांवर एकापाठोपाठ एक बहरणारी झाडं लावण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. म्हणजे थंड देशात शिकलेल्या माळ्यांनी बडोद्याच्या उन्हात काम करायचं, हा प्रकार इथे सव्वाशे वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे. माझी दोन कुंड्यांची बाग त्या मानाने काहीच नाही, पण प्रश्न तोच. बाहेरून आणलेलं झाड इथल्या कुठल्या झाडाच्या आधाराने जगेल?

आमच्याकडे तो आधार म्हणजे मागच्या अंगणातला कडुनिंब. मी तीनशे रुपयांचे दोन तापमापक आणले आणि आठवडाभर नोंदी केल्या. दुपारी तीनला गच्चीत आणि कडुनिंबाखाली चार ते पाच अंशांचा फरक यायचा. पश्चिमेच्या भिंतीलगत सावली असूनही तापमान उतरत नव्हतं, कारण भिंत दिवसभर तापते आणि रात्री दहापर्यंत ती उष्णता परत देत राहते. दोन रोपं मुद्दाम दोन ठिकाणी ठेवली. एक कडुनिंबाखाली, पूर्वेचं ऊन नऊपर्यंत मिळेल अशा बेताने. दुसरं बाजूच्या बोळात, ग्रीन नेटखाली. त्या वर्षी एप्रिलपासूनच उन्हाची लाट होती. नेटखालचं रोप जून पाहू शकलं नाही. कडुनिंबाखालचं राहिलं. जाळी ऊन अडवते. झाड त्याशिवाय स्वतःच्या पानांतून पाण्याची वाफ सोडत आसपासची हवाही थोडी गार ठेवतं. हे शाळेत वाचलेलं होतं. त्या मे महिन्यात ते डोळ्यांनी बघितलं.

बडोद्याचं वेळापत्रक

पाश्चात्त्य पुस्तकांतलं वेळापत्रक आपल्या कामाचं नाही. आमच्या अंगणात चार वर्षांत बसलेलं वेळापत्रक असं आहे.

कुंडी मातीची, निदान बारा इंची. प्लास्टिकची नको. मातीच्या कुंडीतून पाणी झिरपतं आणि मुळं गार राहतात, आपल्या माठासारखी. एक भाग बागेची माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत किंवा कुजलेला पालापाचोळा, आणि मूठभर जाडी वाळू. इथली काळी माती एकटी वापरू नका. पावसात ती चिखल धरते आणि उन्हात तिला भेगा पडतात.

जून-जुलै : पहिला पाऊस पडला की झाड खऱ्या अर्थाने जागं होतं. त्याच्या मूळ देशातला हा फुलांचा हंगाम. इथे तो पानांचा हंगाम. पावसाचं पाणी मऊ असतं. त्यात पानांचा पिवळेपणा आपोआप कमी होतो. मी गच्चीच्या पाइपाखाली एक पिंप ठेवतो. कटिंग लावायची वेळही हीच. फूल न आलेल्या फांदीचा चार-पाच इंचांचा तुकडा घ्यायचा, खालची पानं काढायची, वरची अर्धी कापायची, आणि ओलसर कोकोपीटमध्ये सावलीत ठेवायचा. महिन्याभरात मुळं धरतात.

ऑगस्ट : यानंतर कात्री लावायची नाही. पुढच्या बहराच्या कळ्या याच फांद्यांच्या टोकांना धरायच्या असतात. दिवाळीच्या साफसफाईत कोणी हौसेने झाड 'नीटनेटकं' केलं, तर त्या वर्षीचं फूल गेलं.

नोव्हेंबर ते जानेवारी : कळी धरायला या झाडाला काही आठवडे गारवा लागतो. बडोद्याच्या थंडीत रात्री गार मिळतात, दिवस मात्र तीस अंशांपर्यंत जातात. म्हणून नर्सरीतून आणलेल्या झाडाला पहिल्या वर्षी जेवढे मोठे गुच्छ असतात, तेवढे घरी पुन्हा येत नाहीत. आमच्याकडे नारळाच्या कवडीएवढे येतात. या काळात कुंडी उघड्यावर, आकाश दिसेल अशा जागी ठेवतो, म्हणजे रात्रीचा गारवा पुरेपूर मिळतो.

फेब्रुवारी-मार्च : फुलं. गुच्छ काढून फुलदाणीत ठेवायचा असेल तर सकाळी काढा. कोमेजला तर अख्खा गुच्छ अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा. तो निदलांतूनही पाणी घेतो आणि पुन्हा ताठ होतो. बहर संपला की लगेच, आणि तेव्हाच, हलकी छाटणी.

एप्रिल ते जूनचा पाऊस : जगवणं. फुलांची अपेक्षा नाही. कुंडीवर वाळक्या पानांचं चार बोटं जाड आच्छादन, पाणी सकाळी भरपूर आणि संध्याकाळी बघून. दुपारी झाडाने मान टाकली म्हणून लगेच पाणी ओतायचं नाही. आधी बोट मातीत घालायचं. माती ओली असेल तर संध्याकाळी झाड आपोआप उभं राहतं. ओल्या मातीत आणखी पाणी घातलं तर मुळं कुजतात.

आणि एक गंमत. उन्हाळ्यात बोअरचं पाणी आणखी खारं लागतं, पण त्याच दिवसांत घरातला एसी चालू असतो. एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणी हवेतल्या वाफेचं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. पाइपाखाली बादली ठेवली की दोन कुंड्यांचं काम होतं. पानं पिवळी पडलीच तर नर्सरीत चिलेटेड आयर्न मिळतं, ते पुडीवर लिहिलेल्या प्रमाणात द्यायचं.

घरात रांगणारं मूल, कुत्रा किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा. या झाडाची पानं-फुलं पोटात गेली तर विषारी ठरतात. केकवर किंवा ताटात सजावटीला तर अजिबात नको.

मे महिन्यात घरी कोण?

एवढं सगळं लिहिलं, तरी खरा प्रश्न मातीचा किंवा पाण्याचा नाही. तो मे महिन्याचा आहे. आपल्या मराठी घरांत मे म्हणजे गावाला जाणं. कोणी पुण्याला, कोणी कोकणात, कोणी आता थेट परदेशात. तगर आणि कुंद आठ दिवस पाण्याविना काढतील. हायड्रेंजिया दोन दिवस काढणार नाही. ठिबकचा टायमर मी लावून बघितला. तो पाणी देतो, पण माती ओली असताना थांबत नाही आणि वारा गरम असला तर जास्त देत नाही. कुठल्या दिवशी किती, हे माणसालाच ठरवावं लागतं.

म्हणून हे झाड घेण्याआधी नर्सरी शोधण्यापेक्षा हे ठरवा : मे महिन्यात रोज एकदा त्याच्याकडे कोण बघणार? आमच्या घरी ती आई आहे. जास्त चालायचं नाही, ओझं उचलायचं नाही, ही पथ्यं तिला आहेत. पण अर्ध्या तांब्याने पाणी घालणं आणि मातीत बोट घालून बघणं तिला जमतं. सकाळी औषध घेतलं की मागच्या अंगणात, हा तिचा क्रम झाला आहे. ती मामाकडे पुण्याला गेली होती, ते दहा दिवस शेजारच्या गुजराती मासींनी पाहिलं. आम्ही परत आलो तर झाडाच्या बुंध्याशी ओल्या गोणपाटाचा तुकडा गुंडाळलेला होता. असं पुस्तकात कुठे नाही. मासी म्हणाल्या, त्यांच्या गावी केळीला असं करतात. आता आम्हीही करतो.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा आमच्या गल्लीतही गुडघ्याएवढं पाणी आलं. घरातलं सामान वर न्यायच्या घाईत कोणी सांगायच्या आधी माझ्या आठ वर्षांच्या मुलाने लहान कुंड्या जिन्यावर नेऊन ठेवल्या. मोठी कुंडी मी आणि शेजारचे काका, दोघांनी उचलली. अनंत जमिनीत होता, तो तीन दिवस पाण्यात उभा राहिला आणि वाचला.

ताई आली तेव्हा

डिसेंबर २०२३ मध्ये ताई मुलांना घेऊन आली होती, पाच वर्षांनी. तेव्हा झाडावर फूल नव्हतं. फांद्यांच्या टोकांना फुगीर, मिटलेल्या कळ्या होत्या, बस. तिची मुलगी म्हणाली, "आजी, इट्स नॉट ईव्हन व्हाइट." आईने तिला कळी दाखवली आणि सांगितलं, "पांढरं आत आहे, मार्चमध्ये फोनवर दाखवीन." पंधरा मार्चच्या सुमारास पहिला गुच्छ उघडला. आधी पोपटी, मग दुधी, मग पांढराशुभ्र. आईने फोन धरला होता, ताई तिकडे उरलेला बर्फ दाखवत होती. तिचं झाड तेव्हा जमिनीलगत कापलेलं, नुसत्या काटक्या. आमचं फुलतं तेव्हा तिचं झोपलेलं, आणि तिचं फुलतं तेव्हा आमचं उन्हाशी झगडत असतं. दोन्ही एकाच वेळी कधीच फुलणार नाहीत. आईला ते आवडलं. म्हणाली, "बरंय की, वर्षातून दोनदा बघायला मिळतं."

याच झाडाबद्दल वाचताना मला झीबोल्ट नावाच्या जर्मन डॉक्टरची गोष्ट मिळाली. तो १८२३ मध्ये जपानमध्ये नागासाकीजवळच्या डच वखारीत आला, तिथल्या वनस्पती गोळा केल्या, आणि ताकी नावाच्या जपानी स्त्रीबरोबर संसार केला. १८२९ मध्ये त्याला देशाबाहेर काढलं. ताकी आणि दोन वर्षांची मुलगी इने मागे राहिल्या. युरोपात परतल्यावर त्याने एका हायड्रेंजियाला 'ओटाक्सा' असं नाव दिलं. 'ओ-ताकी-सान' या हाकेवरून ते आलं, असं मानतात. मुलगी पुढे डॉक्टर झाली. बापलेकीची भेट झाली ती तीस वर्षांनी, १८५९ मध्ये. ही गोष्ट मी आईला सांगितली. तिने थोडा वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, "मुलीला त्याने ओळखलं का?"

देवाला चालेल का

पहिला गुच्छ आला तेव्हा आईने विचारलं होतं, "हे देवाला चालेल का रे?" मी तिला देवचाफ्याचं सांगितलं. देवळाच्या आवारात हटकून दिसणारा, नावातच देव असलेला हा चाफा मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. लग्नाच्या हारांतला निशिगंधही मेक्सिकोचा. ती फुलं कधी आली आणि कधी आपली झाली, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. आपणही काही पिढ्यांपूर्वी असेच गायकवाडांच्या मागे इकडे आलो. आज घरात मराठी बोलतो, भाजीवाल्याशी गुजराती, आणि दोन्हींत हिशोब करतो. आईने एक छोटा तुकडा तोडून देवापुढे ठेवला. वास नाही म्हणून बाजूला दोन मोगऱ्याच्या कळ्याही ठेवल्या.

तेव्हा ज्यांच्या अंगणात मोठं झाड आहे आणि घरात मे महिन्यात कोणीतरी असतं, त्यांनी हे झाड जरूर लावावं. फ्लॅट असेल तर पूर्वेची बाल्कनी चालेल, पश्चिमेची नको. ज्यांना हे दोन्ही शक्य नाही, त्यांनी निःशंकपणे अनंत लावावा. तो पांढरा आहे, वासाचा आहे, आणि बडोद्याचं ऊन त्याने पचवलं आहे. या पावसाळ्यात मी सहा कटिंग लावली, त्यातली चार लागली. एक शेजारच्या मासींना दिलं, एक मुलाच्या शाळेतल्या बाईंना. दोन अजून कडुनिंबाखाली आहेत. आईने त्यांच्यावर पाटीच्या पेन्सिलीने नातींची नावं लिहून ठेवली आहेत, आणि डिसेंबरात कोण आलं तर कुंड्या दाखवता याव्यात म्हणून त्या पुढच्या दारी हलवायच्या, असं तिने मला आत्तापासून सांगून ठेवलं आहे.